हजेरी नकाशावर, पंप बंदच

‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’ चार दिवस पंप बंद असलेल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर हा संदेश येऊन पडतो, तेव्हा शेतात माणूस येऊन गेलेला असतोच, ते खोटे नसते. त्याने बांधावर दुचाकी लावलेली असते, कंट्रोलरचे झाकण उघडून पाहिलेले असते आणि एक फोटो काढलेला असतो. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आणि नखाएवढा नकाशा उमटलेला असतो. ‘कार्ड गेलंय दादा, कंपनीकडून मागवावं लागंल,’ एवढे सांगून तो पुढच्या गावाला निघतो. पुण्यातल्या कार्यालयात बसलेल्या साहेबाच्या पडद्यावर तोपर्यंत ठिपका हिरवा झालेला असतो. भेट झाली, ठरल्या वेळी झाली, ठरल्या जागी झाली. टोमॅटोला पाणी मात्र मिळालेले नसते.

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात आज सौर पंपाचा तंत्रज्ञ, वीज मीटरचे रीडिंग घेणारा एजन्सीचा मुलगा, ठिबकवाल्या कंपनीचा प्रतिनिधी, इंटरनेटची फायबर जोडणारा, दूध संकलन केंद्राचे यंत्र दुरुस्त करणारा अशी फिरतीवरची माणसे गावोगाव दिसतात. यातल्या बहुतेकांच्या खिशात मालकाचे अ‍ॅप असते. जागेवर पोहोचल्याशिवाय ‘चेक-इन’ होत नाही आणि चेक-इन झाल्याशिवाय भेट धरली जात नाही. ही पद्धत आता सरकारी खात्यांतही शिरली आहे. महसूल खात्याने 2025 मध्ये चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपची आणि ठरावीक हद्दीतूनच लागणाऱ्या हजेरीची सक्ती सुरू केली, तेव्हा तलाठ्यापासून वरपर्यंत सगळ्यांना याची ओळख झाली. आमचा आक्षेप तंत्राला नाही. माणूस कुठे उभा आहे एवढेच सांगणाऱ्या तंत्राला ‘काम झाले’ अशी साक्ष द्यायला उभे केले जात आहे आणि ती साक्ष कोणी उलटतपासत नाही, याला आमचा आक्षेप आहे.

हे सगळे का आले, तेही मान्य केले पाहिजे. टेबलावर बसून केलेले पंचनामे या तालुक्यांनी पोटभर पाहिले आहेत. अवकाळीने द्राक्षबाग झोपली तरी पाहणी करणारा गावच्या चावडीवरूनच परत गेला, मीटरला कुलूप नसताना ‘घर बंद’ असा शेरा मारून सरासरीचे बिल आले, अशा तक्रारी कोणत्या गावात नाहीत? येतो म्हणून न येणारा कारागीर ही ग्रामीण महाराष्ट्राची जुनी डोकेदुखी आहे. त्यामुळे ‘आता जीपीएस लावलंय, थाप चालायची नाही’ असे कोणी म्हटले की शेतकऱ्याला बरे वाटते. पण त्या बरे वाटण्यावर विसंबून जे उभे राहते आहे, ते शेतकऱ्याच्याही कामाचे नाही आणि तंत्रज्ञाच्याही.

या विषयावर बोलण्याचा अधिकार जुन्नर तालुक्यातल्या खोडदला इतरांपेक्षा जरा जास्तच आहे. गावच्या शिवारात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांतल्या 14 मधल्या चौकात, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, एकूण पसारा सुमारे 25 किलोमीटरचा. या दुर्बिणी आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकतात, म्हणून या परिसरात मोबाइल टॉवर आणि उद्योग यांच्यावर बंधने आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्ग याच कारणाने अडला आणि त्यावरून तालुक्यात किती वाद झाले ते सांगायला नको. 2019 मध्ये नूतनीकरण पूर्ण झाल्यावर ही दुर्बीण सुमारे 1450 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी टिपते. जीपीएसचे उपग्रह ज्या लहरींवर बोलतात त्यांतल्या दोन, 1176.45 आणि 1227.60 मेगाहर्ट्झ, याच पट्ट्यात येतात. आपल्या ‘नाविक’ उपग्रहांची एक लहरही त्यातलीच. म्हणजे ज्या उपग्रहांच्या जिवावर तंत्रज्ञाची हजेरी लागते, त्यांचा गोंगाट खोडदच्या शास्त्रज्ञांना आपल्या नोंदींतून गाळून टाकावा लागतो.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मालक आणि कामगार दोघांचाही तिच्याबद्दल गैरसमज असतो. मोबाइलमधली जीपीएसची चिप काहीही ‘पाठवत’ नाही. ती फक्त ऐकते. वरून येणाऱ्या चार किंवा अधिक उपग्रहांच्या संदेशांना पोहोचायला किती वेळ लागला यावरून ती आपली जागा काढते. ती जागा मालकाला कळवण्याचे काम मोबाइलचे नेटवर्क करते. उपग्रह सगळीकडे दिसतो, नेटवर्क सगळीकडे नसते. डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवर, पुरुषभर उंचीच्या उसात, टॉवरच्या सावलीत न येणाऱ्या मळ्यात चिपला जागा सापडते, पण ती पुढे जात नाही. नेटवर्क नसेल तर मुळात ती पहिली जागा सापडायलाही जास्त वेळ लागतो. अ‍ॅप नीट लिहिलेले असेल तर ते जागा आणि वेळ साठवून ठेवते व रेंज आल्यावर पाठवते. घाईत लिहिलेले अ‍ॅप माहिती पोहोचली तीच भेटीची वेळ धरते. मग सकाळी 10 वाजता वस्तीवर पोहोचलेला माणूस दुपारी नारायणगावच्या रस्त्याला लागल्यावर ‘पोहोचतो’, आणि त्याचे उशिराचे पैसे कापले जातात.

अचूकतेचेही तसेच. उघड्या आभाळाखाली साधा स्मार्टफोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो, हे अमेरिकी सरकारच्या जीपीएस संकेतस्थळानेच सांगितले आहे. झाडे, इमारती, पूल आले की चूक वाढते, असेही तिथेच म्हटले आहे. पण आपल्याकडची खरी चूक आभाळातली नाही, कागदावरची आहे. ग्राहकाच्या नोंदीत पत्ता असतो ‘मु. पो. खोडद, ता. जुन्नर’. शेतकरी राहतो गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या मळ्यात. नकाशावर टाचणी टोचणाऱ्याने ती ग्रामपंचायतीच्या आसपास कुठेतरी टोचलेली असते. आता तंत्रज्ञाने काय करावे? मळ्यात गेला तर अ‍ॅप म्हणते, तुम्ही ठिकाणावर नाही. म्हणून तो आधी गावात, मारुतीच्या देवळापाशी थांबतो, चेक-इन करतो आणि मग मळ्याकडे जातो. काही जण तिथूनच परत फिरतात. अ‍ॅपच्या लेखी दोघेही सारखेच प्रामाणिक. ई-पीक पाहणीत अडकलेल्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर आपला पेरा आपणच शेतात उभे राहून मोबाइलवर नोंदवायचा असतो. गट नंबर एका जागी, नकाशा दुसऱ्या जागी आणि सर्व्हर तिसऱ्याच लोकात, हा अनुभव दर हंगामात येतो.

ज्याला फसवायचेच आहे त्याला तर वाट मोकळीच आहे. अँड्रॉइडच्या फोनमध्ये विकसकांसाठीची एक सोय चालू करून फोनला हवी ती खोटी जागा सांगता येते. त्यासाठी फुकट अ‍ॅप मिळतात. फोटोवर अक्षांश-रेखांश छापणाऱ्या काही लोकप्रिय कॅमेरा अ‍ॅपमध्ये जागा हाताने बदलण्याची सोयच असते. म्हणजे सरळ माणूस रेंजसाठी फोन डोक्यावर धरून बांधाबांधाने फिरतो आणि लबाड माणूस चहाच्या टपरीवर बसून पाच गावांच्या भेटी उरकतो. पाळत वाढली की प्रामाणिकपणा वाढतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा व्यवहार एकदा टपरीवर बसून बघावा.

याचा सरकारी पुरावाच आपल्यासमोर आहे. रोजगार हमीचा जन्म महाराष्ट्रातला. वि. स. पागे यांच्या त्या विचारातून पुढे देशाची योजना झाली. त्या मनरेगाच्या कामांवर 1 जानेवारी 2023 पासून अ‍ॅपवरूनच हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा, कामाच्या जागेवरून, जागेच्या शिक्क्यासह फोटो. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून सांगावे लागले की या अ‍ॅपचा गैरवापर होतो आहे. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, एकच मजूर अनेक हजेरीपटांवर दिसतो. त्यावर उपाय काय काढला? ते फोटो माणसांनी तपासावेत. अडीच वर्षे यंत्रावर विसंबून पुन्हा माणसापाशीच येऊन थांबलो. मधल्या काळात ज्या मजुराचा दुपारचा फोटो रेंजअभावी चढला नाही, त्याची घामाची मजुरी बुडाली ती बुडालीच.

दुसरा पुरावा अंगणवाडीताईंचा. पोषणाच्या नोंदींसाठी दिलेले मोबाइल चालेनात, अ‍ॅप मराठीत नाही, फोनची साठवण पुरत नाही, म्हणून 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. काम करायला त्यांचा नकार नव्हता. काम सोडून कामाचा पुरावा गोळा करण्यात दिवस जातो, ही त्यांची तक्रार होती. तिसरा पुरावा नागपूर आणि नवी मुंबईचा. तिथे सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली गेली. चार्जिंग संपले, सिग्नल गेला की हजेरी गेली, अशा तक्रारी आल्या. चंदीगड-पंचकुल्याकडे तर घड्याळातल्या कॅमेऱ्याच्या धास्तीने स्वच्छतागृहात जायचीही भीती वाटते, असे महिला कामगारांनी सांगितले. ज्यांच्या कामावर शहर उभे असते त्यांच्याच मनगटावर हा पट्टा चढतो. महापालिकेच्या अभियंत्याच्या किंवा ठेकेदाराच्या मनगटावर तो चढल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही.

फिरतीच्या तंत्रज्ञाची अवस्था यापेक्षा फार वेगळी नाही. फोन बहुधा त्याचा स्वतःचा, नेटपॅक त्याचा, पुष्कळदा पेट्रोलही आधी त्याच्याच खिशातून. अ‍ॅपला ‘नेहमी परवानगी’ दिल्याशिवाय ते उघडत नाही. मग रात्री घरी, रविवारी सासुरवाडीला, दवाखान्यात, युनियनच्या बैठकीला, सगळीकडे ठिपका त्याच्याबरोबर जातो. 2015 साली कॅलिफोर्नियात एका महिला कर्मचाऱ्याने असे अ‍ॅप फोनमधून काढून टाकले आणि त्यामुळे आपल्याला कामावरून काढले, असा दावा न्यायालयात लावला. कामाच्या वेळात पाळत ठेवा, सुट्टीत का, एवढाच तिचा प्रश्न होता. फ्रान्समध्ये या प्रश्नाचे उत्तर नियमांत आहे. तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाच्या नियमांनुसार कामाची वेळ मोजायला दुसरा मार्ग असेल तर गाडीच्या ठावठिकाण्याचा वापर करता येत नाही, सुट्टीच्या वेळी तो बंद करण्याची सोय कर्मचाऱ्याला द्यावी लागते आणि ही माहिती साधारण दोन महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही.

आपल्याकडे काय? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 मध्ये, वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर आणखी दीड वर्षाची मुदत दिली गेली. एवढी वाट पाहून हाती काय येणार? या कायद्याच्या कलम 7 मध्ये संमतीशिवाय माहिती वापरण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ हेही एक आहे. मालकाचे नुकसान टाळणे, गुपिते राखणे अशा गोष्टींबरोबर ते एका दमात लिहिले आहे. तंत्रज्ञाचा ठिपका रात्री 11 वाजता कुठे होता हे पाहणे यात बसते की नाही, हे कायदा सांगत नाही. इतका ढिला शब्द ज्याच्या हाती दोरी आहे त्याच्याच सोयीचा असतो. धोक्याची घंटा आम्ही वाजवतो ती मुख्यतः इथे. अ‍ॅप चुकले तर दुरुस्त होईल, पण कायद्यातले हे भगदाड तसेच राहिले तर फिरतीवरच्या प्रत्येक माणसाचे अख्खे आयुष्य मालकाच्या दप्तरी जमा होईल.

पगार कापण्याचे तर आणखी सरळ आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दंडाचे नियम आहेत. कोणत्या चुकीला दंड, ते आधी जाहीर हवे. कामगाराला कारण सांगण्याची संधी हवी. दंड वेतनाच्या 3 टक्क्यांहून अधिक नको. अ‍ॅपने हे सगळे शिताफीने टाळले आहे. ते दंड करतच नाही, ते ‘गैरहजर’ लावते. गैरहजेरीची कपात वेगळी, तिला कारण विचारण्याची भानगड नाही. सर्व्हर पडला म्हणून माणूस गैरहजर, आणि हे पटवून द्यायचे कोणाला, तर ज्या क्रमांकावर यंत्रच बोलते त्या क्रमांकाला. कामगार आयुक्तालयाने अशा कपातींना दंडाचे नियम लावावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

मग भेट झाली की नाही हे तपासायचे कसे? खोडदमध्येच याचे उत्तर आहे. जीएमआरटीच्या अँटेना इथून दूरदूरच्या गावांच्या शिवारांत पसरल्या आहेत. तिथे बिघाड झाला की तंत्रज्ञांना जावे लागते. पण सगळ्या अँटेना ऑप्टिकल फायबरने मधल्या इमारतीशी जोडलेल्या आहेत. 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात, आणि कोणत्या अँटेनाचा संदेश बाकीच्यांशी जुळतो आहे, कोणत्याचा नाही, हे ओळखीच्या एखाद्या तेजस्वी रेडिओस्रोताकडे दुर्बीण वळवली की कळते. दुरुस्ती झाली असेल तर अँटेना बोलू लागते. झाली नसेल तर तंत्रज्ञ तिच्या पायथ्याशी दिवसभर बसला तरी ती मुकीच राहते. तिथे माणसाच्या ठावठिकाण्यापेक्षा यंत्राचा आवाज मोलाचा.

सौर पंपांच्या बाबतीत हीच सोय हाताशी आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी 10 टक्के हिस्सा भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर 5 टक्के, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी पुरवठादाराची असते. पंपाच्या कंट्रोलरमधून तो चालतो की नाही याची माहिती दुरून मिळावी, ही अट केंद्राच्या पीएम-कुसुमच्या तांत्रिक निकषांत आहे. म्हणजे पंप स्वतःच सांगू शकतो की मी बंद आहे. मग तक्रार बंद करण्याचा निर्णय तंत्रज्ञाच्या ठिपक्यावर का? पंप पुन्हा चालू झाल्याची नोंद पडली आणि तो पुढचे काही दिवस चालला, तरच तक्रार बंद समजावी. महावितरणने हे एवढे एक केले तरी हिरव्या ठिपक्यांचा बाजार उठेल. आणि बिघडलेल्या कार्डाऐवजी नवे कार्ड आठवडाभर न पाठवणाऱ्या पुरवठादाराचे नाव पडद्यावर दिसू लागेल. आजच्या पद्धतीत तो सुखाने लपलेला असतो, कारण कॅमेरा फक्त दुचाकीवरच्या पोरावर रोखलेला आहे. ज्याच्या झोळीत सुटा भागच नाही, त्याच्या दहा भेटी मोजून काय उपयोग?

जीपीएस सरसकट फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत, बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर लोक शेतात जायला धजत नाहीत. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र कधी रिकामे नसते. दिवसा वीज द्या ही मागणी इथे याच भयातून उठली आहे. अशा मुलखात रात्री फ्यूज घालायला उसातून एकटा जाणाऱ्या महावितरणच्या जनमित्राचा ठावठिकाणा उपकेंद्राला माहीत असायलाच हवा. तो अर्धा तास हलला नाही तर फोन जायला हवा, गाडी निघायला हवी. पण मालकाचे अ‍ॅप त्याच अर्ध्या तासाला ‘निष्क्रिय वेळ’ म्हणून तांबड्या अक्षरात दाखवते. नोंद एकच असते, तिच्यावरून गाडी पाठवायची की पगार कापायचा, हे ठरवणारा माणूस असतो. महावितरणने आणि खासगी पुरवठादारांनी हा हेतू लेखी जाहीर करावा. ठावठिकाणा फक्त कामाच्या वेळेत घ्यावा, त्यासाठी फोन आणि नेटचा खर्च द्यावा, आणि आपली नोंद पाहण्याचा व चूक दाखवण्याचा हक्क तंत्रज्ञाला द्यावा. महाराष्ट्र सरकारने आपल्या ठेक्यांच्या अटींत हे घातले तर दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

शेतकऱ्यांनाही एक विनंती. ‘आधी ओटीपी सांगा, मग बघतो’ असे कोणी म्हटले तर तक्रार बंद करण्यासाठी मोबाइलवर आलेला तो ओटीपी देऊ नका. तंत्रज्ञाशी भांडू नका, त्याच्याही मागे कोणीतरी लागलेले आहे. पण पाइपातून पाणी पडेपर्यंत तो आकडा आपल्याजवळच ठेवा, आणि काम न होता तक्रार बंद झाल्याचा संदेश आला तर त्याच दिवशी नव्याने तक्रार नोंदवा.